समुद्राजवळचं रान, पायी: भंडाऱ्याहून बोरिवलीला जाणाऱ्यांसाठी

नागझिरा किंवा कोका पाहायला गेलेला पर्यटक जंगल पाहतो ते बसल्या जागेवरून. जिप्सीतून खाली पाय ठेवायचा नाही, हा तिथला नियम आहे आणि वाघाच्या रानात तो योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम असा की शहापूर, जवाहरनगर, भंडारा या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं जंगलाच्या इतक्या जवळ वाढूनही रानवाटेने सलग तासभर चाललेली नसतात. आजोबांनी मोहफूल वेचलेलं असतं, आजीने तेंदूपत्ता तोडलेला असतो, आणि नातवाने रान पाहिलेलं असतं ते खिडकीतून.

ज्या शहरात रान असेल असं कुणाला वाटत नाही, त्या मुंबईत मात्र राष्ट्रीय उद्यानात पायी फिरता येतं. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. त्याचा काही भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात येतो, काही ठाणे जिल्ह्यात. उत्तरेला ते वसईच्या खाडीला जाऊन भिडतं. डोंगरावर साग आणि ऐन, पायथ्याला खारं पाणी आणि तिवरं, असं जंगल विदर्भात कुठेच नाही. शिकायला, नोकरीला किंवा बदली होऊन मुंबई, ठाणे, अंबरनाथला गेलेलं माणूस आता आपल्याकडच्या बहुतेक घरांत आहेच. त्यांच्याकडे चार दिवस राहायला जाणाऱ्याने एक सकाळ तरी या वाटांसाठी राखून ठेवावी.

मात्र फाटकातून आत शिरून दिसेल त्या पायवाटेला लागायचं, असं तिथेही चालत नाही. उद्यानात वाटांचे दोन प्रकार आहेत. मुख्य फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतचा डांबरी रस्ता आणि फाटकाजवळचा परिसर तिकीट काढून कुणालाही चालता येतो. शिलोंढा, जांभूळमाळ, नागला या आतल्या वाटांना मात्र वनखात्याची परवानगी लागते आणि सोबत वाटाड्या असावा लागतो. त्यासाठी उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात आधी चौकशी करून नाव नोंदवावं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थाही अशा फेऱ्या काढतात. एकट्यादुकट्या पाहुण्याला त्यांच्या गटात सामील होणं सर्वांत सोपं जातं. शुल्क आणि वेळा बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी: सोमवारी उद्यान बंद असतं. शनिवार-रविवारी गर्दी फार, त्यामुळे मंगळवार ते शुक्रवारातली सकाळ सर्वांत चांगली.

पहिल्यांदा जाणाऱ्याने सुरुवात कान्हेरीपासून करावी. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. जाताना बसने जाऊन येताना पायी उतरलं तर गुडघे आणि श्वास दोन्ही साथ देतात, आणि उतारावरून चालताना झाडं निवांत पाहता येतात. पुरातत्त्व खात्याचं तिकीट वर वेगळं काढावं लागतं. बेसाल्टच्या एका डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेलं हे काम पुढे कित्येक शतकं चालू राहिलं. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी फोटो काढतात आणि परततात. खरी चाल तिथून पुढे सुरू होते, कारण खडकात कोरलेल्या पायऱ्यांनी एका लेण्यातून दुसऱ्याकडे जात डोंगराच्या माथ्यापर्यंत पोचता येतं.

वर चढताना नजर लेण्यांच्या आत जितकी जाईल तितकीच बाहेर, पायाखालीही असू द्यावी. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या तोंडाशी खडकात खोदलेली पाण्याची पोढी आहे. तिच्यापर्यंत येणाऱ्या बोटभर रुंदीच्या पन्हळी कातळावर कोरलेल्या आहेत. उतारावर पडलेला पाऊस एका पन्हळीतून दुसरीत, तिथून पोढीत, आणि पोढी भरली की खालच्या लेण्याच्या पोढीत जातो. जुलै-ऑगस्टात गेलं तर हे सगळं प्रत्यक्ष वाहताना दिसतं. चार महिन्यांचं पाणी वर्षभर पुरवण्याची ही व्यवस्था, तलावांच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला तिची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

भंडाऱ्याच्या वाचकाला इथे आणखी एक धागा सापडतो. आपल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आला. पवनी वैनगंगेकाठची, कान्हेरी समुद्रालगतची. सातवाहनांच्या काळात हे दोन्ही टोकांचे प्रदेश बौद्ध धर्माच्या आणि व्यापाराच्या एका मोठ्या जाळ्यात होते. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये सोपारा आणि कल्याणचे व्यापारी आहेत. नव्वदाव्या लेण्यात तर अकराव्या शतकात येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरली आहेत. मुलांना सोबत घेऊन जात असाल तर आधी एखाद्या रविवारी पवनी दाखवून आणावी, मग कान्हेरी. वरच्या माथ्यावरून हवा स्वच्छ असेल तेव्हा पश्चिमेकडे इमारतींच्या पलीकडे खाडीचं पाणी चमकतं. लेण्यांतले भिक्खू इथेच का येऊन राहिले असतील, ते तिथे उभं राहिल्यावर मुलांच्या चटकन ध्यानात येतं.

शिलोंढ्याची वाट वेगळी. ती ओढ्याच्या काठाने जाते, चढ फारसा नाही, आणि पाखरं-फुलपाखरं पाहणाऱ्यांची ती आवडती आहे. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, ओढ्याच्या ओल्या मातीवर फुलपाखरं थव्याने बसून क्षार शोषताना दिसतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, इथे भेटतं: काळं मखमली, पंखांवर निळ्या रंगाचे मोठे पट्टे. पावसात ओढ्यालगत कुणी माणूस शीळ घालत चाललाय असा भास झाला तर थांबावं. तो शीळकरी कस्तूर असतो, सह्याद्रीतला गवई. त्याचा सूर उलगडत उलगडत जातो, मध्येच तुटतो, पुन्हा सुरू होतो. तो ऐकायचा तर गटातल्या सगळ्यांनी दहा मिनिटं बोलणं बंद ठेवायला हवं, आणि मोबाइलवर गाणी लावणाऱ्याला प्रेमाने पण स्पष्टपणे थांबवायला हवं.

ज्यांचे पाय तयार आहेत त्यांनी जांभूळमाळ करावा. उद्यानातलं हे सर्वांत उंच ठिकाण, ४६८ मीटर. आकडा लहान वाटेल, पण चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि मुंबईची दमट हवा विदर्भातल्या माणसाला अनोळखी असते. आपल्याकडे ऊन भाजतं, पण घाम सुकतो. तिथे घाम अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही, आणि पारा ३२ अंशांवर असतानाही माणूस गळून जातो. म्हणून पहाटेच निघावं, माणशी दोन लिटर पाणी घ्यावं आणि त्यातल्या अर्ध्यात मीठ-साखर-लिंबू घालून ठेवावं. तहान लागण्याची वाट न पाहता थोडं थोडं पीत राहावं. वरून तुळशी, विहार आणि पवई हे तिन्ही तलाव दिसतात. विहार १८६० मध्ये बांधून झाला, तुळशी १८७९ मध्ये. दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात आणि दोन्हींचं पाणलोट क्षेत्र या जंगलाने धरून ठेवलं आहे. तुळशीच्या काठावर सर्वसामान्यांना जाता येत नाही, त्यामुळे तो नीट पाहण्याची जागा ही वरचीच.

ठाण्यात उतरणाऱ्यांना उद्यानाची ठाण्याकडची बाजू, येऊर, जवळ पडते. ठाणे स्टेशनवरून बस मिळते, आणि सकाळच्या पक्षीनिरीक्षणासाठी ते चांगलं आहे. आतल्या वाटांसाठी परवानगीचा नियम तिथेही लागू.

आता नागला. ज्याने आयुष्यभर गोड्या पाण्याचे तलाव पाहिले आहेत, त्याने दुसरं काही नाही पाहिलं तरी चालेल, पण नागला पाहावा. हा उद्यानाचा खाडीपलीकडचा, उत्तरेकडचा तुकडा आहे. घोडबंदरजवळचा वर्सोवा पूल ओलांडून अहमदाबाद महामार्गाने ससूनवघरच्या बाजूला जावं लागतं. सार्वजनिक वाहनाने पोचणं अवघड आहे, तेव्हा चार-पाच जणांनी मिळून गाडी करावी. (घोडबंदर रस्त्यावर गायमुख नावाची पाटी दिसते. आपल्या तुमसर तालुक्यातल्या गायमुखाशी तिचा संबंध नाही, पण नकाशावर शोधताना घोटाळा होतो.)

वाट सुरुवातीला मिश्र पानझडी जंगलातून जाते. इथली झाडं आपल्या ओळखीची वाटतील: ऐन, ज्याला आपण येन म्हणतो, पळस, बेहडा, टेंभुर्णी. पुढे जमीन खाली उतरत जाते आणि झाडी एकदम बदलते. पायाखालची माती करडी, मऊ आणि खारट होते. तिवरांचं रान सुरू होतं. चिखलातून पेन्सिलीएवढी हजारो टोकं वर आलेली दिसतात, ती या झाडांची श्वासमुळं. खाऱ्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळं वर येऊन श्वास घेतात. ओहोटी असेल तर त्यांच्यामधून निवट्या सरपटताना दिसतात. हा मासा पाण्याबाहेर चिखलात राहू शकतो आणि पुढच्या परांवर जोर देत उड्या मारतो. त्याच्या शेजारी एकच नांगी अवाढव्य असलेले नर खेकडे ती नांगी वरखाली हलवत मादीला बोलावत असतात. पाच मिनिटं स्तब्ध उभं राहिलं तर बिळात गेलेले सगळे बाहेर येतात. पाऊल हललं की चिखल पुन्हा रिकामा.

त्यासाठी ओहोटीची वेळ गाठायला हवी. कोकणातले कोळी पिढ्यान्‌पिढ्या एक सोपा हिशेब करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. सकाळी सहा-साडेसहाला चिखल उघडा हवा असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमेचा दिवस धरावा, सात-आठला हवा असेल तर त्यानंतरचे एक-दोन दिवस. अष्टमीच्या सकाळी गेलात तर पाणी चढलेलं असेल आणि निवट्या दिसणार नाहीत. हा ढोबळ हिशेब आहे. नेमक्या वेळेसाठी मुंबईचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावं, पण दिवस ठरवायला घरातलं पंचांगच पुरतं. चिखलात उतरू मात्र नये. तो कुठे घोट्याएवढा असतो, कुठे मांडीएवढा, आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन वृक्ष ठरवला. खाडीकाठी तो ओळखायला वाटाड्याला जरूर सांगावं.

वाटेची निवड ऋतू पाहून करावी. पावसाळ्यात रान सर्वांत देखणं असतं आणि सर्वांत धोक्याचंही. भंडाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस इथे पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. दहिसर नदी याच डोंगरात उगम पावते. घोट्यापर्यंतचा ओढा वरच्या बाजूला पाऊस पडला की थोड्याच वेळात कमरेपर्यंत चढतो. जोराचा पाऊस लागला तर ओढा ओलांडण्याचा विचार सोडून आहे त्याच काठावर उंच जागी थांबावं. कान्हेरीच्या कातळावर तेव्हा शेवाळ असतं, त्यामुळे गुळगुळीत तळाची चप्पल घालून येऊ नये. हिवाळा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, पक्ष्यांसाठी आणि लांब चालीसाठी उत्तम. त्या दिवसांत वाटेच्या कडेला खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात. त्यांची लव अंगाला लागली तर चोळू नये, पाण्याने धुवावी. फेब्रुवारी-मार्चात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, आणि एका फुललेल्या सावरीखाली अर्धा तास बसलं तर दिवसभर वणवण करूनही दिसणार नाहीत इतके पक्षी समोर येतात.

कारवीचा विषय निघाला की लोक हळहळतात. ही सह्याद्रीतली झुडपं आठ वर्षांतून एकदाच एकत्र फुलतात आणि मग मरतात. या उद्यानात ती २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. पुढचा बहर त्याच हिशेबाने २०३२ मध्ये. ज्यांना ती पाहायची आहे त्यांनी त्या वर्षीचा भाद्रपद आताच मनात नोंदवून ठेवावा. एरवी दिसणाऱ्या तिच्या सरळ काठ्यांकडेही लक्ष द्यावं. कोकणात घरांच्या कुडाच्या भिंती त्यांच्याच.

बिबट्याचं काय, हा प्रश्न घरातली वडीलधारी माणसं विचारणारच. बिबटे आहेत, आणि भरपूर आहेत. २०१८ च्या कॅमेरा-गणनेत उद्यान आणि लगतच्या आरे परिसरात ४७ बिबट्यांची नोंद झाली. उद्यानातल्या पाड्यांवर राहणारे वारली त्यांच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत आणि वाघोबाला पूजतात. आपल्याकडच्या वाघदेवासारखंच ते. नियमही आपल्या मोहफूल वेचणाऱ्यांना ठाऊक असलेलेच आहेत: एकट्याने जायचं नाही, वाकून किंवा उकिडवं फार वेळ बसायचं नाही, कारण वाकलेला माणूस जनावराला लहान दिसतो. मुलांना गटाच्या मध्ये ठेवावं, मागे रेंगाळू देऊ नये. अंधार पडण्याआधी बाहेर यावं. बिबट्या दिसलाच तर पळू नये. उभं राहून, त्याच्याकडे तोंड ठेवून, सावकाश मागे सरावं. दिवसा, गटाने, वाटाड्यासोबत चालणाऱ्याला तो बहुधा दिसतच नाही.

माकडांचा त्रास त्याहून नेहमीचा. हातात पिशवी दिसली की ती ओढतात. डबा पाठीवरच्या पिशवीत बंद ठेवावा आणि त्यांना काहीही देऊ नये, कारण आज दिलेल्या बिस्किटामुळे उद्या दुसऱ्याच्या मुलाला चावा बसतो. झाडांना हात लावण्याआधी फांदी नीट पाहावी. पावसाळ्यात हिरवा चापडा हा विषारी साप पानांत बेमालूम मिसळून असतो. आग्या मोहोळाजवळ अत्तर, धूर आणि आरडाओरडा नको. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवाव्यात. पोळी-भाजीसाठी स्टीलचा डबा आणि पाण्याला धातूची बाटली, एवढं पुरतं.

जाण्याआधी घरच्या घरी थोडी तयारी झाली तर मजा दुप्पट. शहापूर-भंडाऱ्याचा प्रदेश सपाट, पायांना चढाची सवय नसते. तुमसर तालुक्यातला अंबागड त्यासाठी चांगला. सातपुड्याच्या रांगेतल्या या किल्ल्यावर दोन-तीन रविवार चढ-उतार केला की जांभूळमाळाचा चढ जड जात नाही. नवे बूट घेतले असतील तर तेही इथेच घालून पाहावेत. फोड यायचा असेल तर तो अंबागडावर आलेला बरा.

प्रवास सोपा आहे. विदर्भ एक्स्प्रेस दुपारी गोंदियाहून निघते, वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर थांबते आणि सकाळी मुंबईत पोचते. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल धरावी आणि बोरिवलीला पूर्वेकडे बाहेर पडावं. तिथून उद्यानाचं फाटक रिक्षाने काही मिनिटांवर आहे. मेट्रोच्या सातव्या मार्गावर राष्ट्रीय उद्यान नावाचं स्टेशनही झालं आहे. रात्रभर गाडीत बसून आलेल्या दिवशी मात्र जांभूळमाळ करू नये. त्या दिवशी पाहुणचार घ्यावा, झोपावं, आणि चाल दुसऱ्या पहाटे ठेवावी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं. दिवाळी आणि उन्हाळी सुट्ट्यांत जागा लवकर भरतात.

हाताशी दिवस जास्त असतील आणि समुद्र अगदी शेजारी हवा असेल तर रायगड जिल्ह्यातलं फणसाड अभयारण्य गाठावं. मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचं हे जुनं शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं. मुक्काम सुपेगावला. आत पाणवठ्यांना गाण म्हणतात आणि चालीचे मुक्काम त्यांच्यावरूनच ठरतात: चिखलगाण, फणसाडगाण. उन्हाळ्यात प्राणी त्यांच्याभोवती असतात, तेव्हा गाणीपासून थोडं दूर, झाडाला टेकून, सकाळी सातच्या आत बसलेलं असावं. मान वर करून फांद्यांकडे पाहत राहावं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू तिथे आहे, आणि बहुतेक वेळा तो दिसण्याआधी त्याने कुरतडून खाली टाकलेल्या फळांचे तुकडे वाटेवर सापडतात.